सोमवारचा मेल

टोंगामध्ये दोन वर्षं राहून आलेला माझा एक सहकारी तिथे एकदाही पोहला नाही. चारी बाजूंनी पॅसिफिक महासागर, तळ दिसेल इतकं नितळ पाणी, वय एकोणीस, आणि पोहायला बंदी. मिशनवर असलेल्या मुलांसाठी त्यांच्या चर्चचा तसा नियमच आहे. तो समुद्रात उतरला तो फक्त चारदा. चारही वेळा अंगात पांढरे कपडे, कमरेपर्यंत पाणी, आणि समोर बाप्तिस्मा घ्यायला आलेलं कुणीतरी.

हे मला त्याच्या जुन्या मेलमधून कळलं. २०१५ ते २०१७ या काळात दर सोमवारी त्याने घरी एक मेल पाठवला होता. त्याच्या आईने ते सगळे छापून, स्पायरल बाइंडिंग करून ठेवले होते. गेल्या हिवाळ्यात ते बाड त्याने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "वेळ मिळेल तसं वाच. आणि मला सांग, हा मुलगा खोटं बोलतोय का."

मी युटामध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. माझ्या टीममधले बरेच जण अठरा-एकोणिसाव्या वर्षी कुठे ना कुठे मिशनवर जाऊन आलेत. त्यामुळे इथे सोनेरी केसांचा एखादा मुलगा पँट्रीतल्या ब्राझिलियन माणसाशी सहज पोर्तुगीजमध्ये बोलतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. चर्चचं खरं नाव 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', आणि २०१८पासून चर्चचा आग्रह आहे की टोपणनाव नको, पूर्ण नाव घ्या. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नसतं. अर्ज करायचा, मग मुख्यालयातून देशाचं नाव येतं. पगार नाही. उलट खर्च आपला किंवा घरच्यांचा; त्याच्या वेळी महिन्याला ४०० डॉलर. आणि तेवढ्या काळापुरतं पहिलं नाव बाजूला राहतं. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर 'एल्डर' आणि आडनाव. म्हणून मीही इथे त्याला एल्डरच म्हणतो.

आमच्याकडे 'मिशनरी' म्हटलं की डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एक मिरजेचं मिशन हॉस्पिटल, जिथे सांगोल्यापासून लोक ऑपरेशनला जायचे. दुसरं धर्मांतर, त्यावर पुढची चर्चा बहुधा आवाज चढवूनच होते. टाय लावून सायकल मारणारा, आईच्या आठवणीने रडणारा एकोणीस वर्षांचा पोरगा या दोन्ही चित्रांत नव्हता.

एल्डर टोंगन बोलतो हे मला योगायोगानेच कळलं. युटात टोंगन लोकांची वस्ती बरीच आहे. वेस्ट व्हॅली सिटीतल्या एका दुकानात आम्ही गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी गळ्यात टोंगाच्या झेंड्याचं पदक घातलं होतं. ते पाहून हा "मालो ए लेलेइ" म्हणाला, म्हणजे नमस्कार, आणि मग दहा मिनिटं दोघं बोलतच राहिले. मागे रांग लागली. बाईंनी त्याच्या गालाला हात लावला. गाडीत बसल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांनी विचारलं, कुठल्या वॉर्डात येतोस? रविवारी कुठे असतोस?"

वॉर्ड म्हणजे चर्चची स्थानिक मंडळी. एल्डर दोन वर्षांपासून कुठल्याच वॉर्डात जात नाही.

बाड माझ्याकडे येण्याचं कारण त्याचा धाकटा भाऊ. त्याने अर्ज केला होता. आईने थोरल्याला सांगितलं, तुझ्या अनुभवाचं एक पान लिहून दे त्याला. "जा म्हणून लिहिलं तर मी खोटारडा," एल्डर म्हणाला. "जाऊ नकोस म्हटलं तरी खोटारडाच. कारण माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दोन वर्षं होती." चर्चमधल्या मित्राला विचारलं तर तो परत ये म्हणणार. चर्च सोडलेल्या मित्राला विचारलं तर तो म्हणणार, तुला फसवलं होतं. मी यांपैकी कुणीच नव्हतो.

मी रोज रात्री जेवणानंतर चार-पाच मेल वाचायचो.

टोंगा म्हणजे पॅसिफिकमधली १७०च्या आसपास बेटं. त्यांतली बरीचशी निर्मनुष्य. सगळ्या देशाची लोकवस्ती साधारण एक लाख. तिथला सोमवार जगात जवळजवळ सगळ्यांच्या आधी उजाडतो. एल्डर सोमवारी सकाळी मेल लिहायचा तेव्हा युटात रविवारची दुपार असायची. आई चर्चमधून येऊन कपडेही न बदलता कम्प्यूटरसमोर बसायची. तेव्हा फोनला परवानगी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मदर्स डेला. दर आठवड्याला घरी फोन करायची मुभा २०१९मध्ये मिळाली. म्हणजे त्या घरात मुलाचा आवाज दोन वर्षांत चार वेळा, बाकी फक्त सोमवारचा मेल.

सोमवार हा तयारीचा दिवस. कपडे धुवायचे, किराणा आणायचा, केस कापायचे, पत्रं लिहायची. संध्याकाळपासून पुन्हा काम. इतर दिवशी साडेसहाला उठायचं, थोडा व्यायाम, मग धर्मग्रंथाचा अभ्यास एकट्याने, मग जोडीदाराबरोबर, मग भाषेचा. त्यानंतर बाहेर. रात्री साडेनऊपर्यंत घरात, साडेदहाला दिवे बंद. जोडीदाराला 'कम्पॅनियन' म्हणतात. चोवीस तास एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. बाथरूम तेवढी सुटका. दर सहा आठवड्यांनी बदल्या व्हायच्या. त्यात जोडीदार बदलेल, नाहीतर गाव, नाहीतर दोन्ही.

वेशही वेगळा. वर पांढरा शर्ट आणि टाय, पण खाली पँट नाही. तिथले पुरुष कमरेला गुंडाळतात तो लुंगीसारखा तुपेनू, आणि त्यावर विणलेली चटई बांधायची, ती ताओवाला. ती विणतात केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांची. हे वाचताना मला हसू आलं, कारण आमच्याकडे केवडा गणपतीच्या दिवसांतला. आणि जेवणात 'लू'. अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि डब्यातलं खारवलेलं बीफ घालून पुडी बांधायची आणि जमिनीत खणलेल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर भाजायची. दुसऱ्याच मेलमध्ये त्याने लिहिलं होतं की ही पानं चावल्यावर घशाला खाज सुटली. आमच्या घरी कुणीही सांगितलं असतं, अळू कच्चं राहिलं होतं.

मी ज्या भागातला आहे तिथे मिशनरी म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांना ख्रिस्ती करणारा. टोंगात हे गणित जुळत नाही. तिथला राजा जॉर्ज तुपोऊ पहिला याने १८३१मध्येच बाप्तिस्मा घेतला होता. १८७५च्या राज्यघटनेने रविवार पवित्र ठरवला. आजही रविवारी दुकानं बंद, खेळ बंद, विमानं बंद. बहुसंख्य लोक पिढ्यान् पिढ्या मेथडिस्ट परंपरेतले. एल्डरचं चर्च तिथे आलं १८९१मध्ये. आज जनगणनेनुसार साधारण पाचातला एक माणूस त्यांचा आहे. म्हणजे एल्डर ज्या दारांवर टकटक करायचा तिथे आत बायबल आधीच होतं, आणि ते त्याच्यापेक्षा चांगलं वाचणारी माणसंही होती.

दार कुणी तोंडावर बंद करायचं नाही. बसा म्हणायचे, नारळ फोडून द्यायचे, ऐकून घ्यायचे. मग रविवारी आपापल्या चर्चला जायचे.

आणि रविवारी रात्री आकडे द्यायचे. हा भाग मी कुणीही इंजिनिअर वाचेल तसा वाचला. आठवड्यात किती धडे शिकवले, किती नवे लोक भेटले, त्यांतले किती चर्चला आले, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली. फोनवरून वरच्या एल्डरला, त्याने त्याच्या वरच्याला. आमच्या स्प्रिंटच्या शेवटी किती तिकिटं बंद झाली तसंच. एल्डरच्या मेलमध्ये सुरुवातीला हे आकडे असायचे. आणि प्रत्येक मेलच्या शेवटी एक वाक्य: मला माहीत आहे की हे चर्च खरं आहे.

या वाक्याला त्यांच्याकडे वजन आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. त्या दिवशी चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने उभं राहून साक्ष द्यायची. लहान मुलंसुद्धा उठतात. बहुतेक जण 'माझा विश्वास आहे' म्हणत नाहीत, 'मला माहीत आहे' म्हणतात.

मी पेन्सिल घेऊन मोजलं. पहिल्या वीस मेलमध्ये 'मला माहीत आहे' ६१ वेळा आलंय. शेवटच्या वीसमध्ये सात वेळा.

मधल्या काळात तो हापाई या बेटसमूहात होता. तिथली बेटं सखल, प्रवाळाची. जानेवारी २०१४मध्ये इयान नावाचं चक्रीवादळ तिथून गेलं होतं आणि दीड-दोन वर्षांनीही घरं बांधून व्हायची होती. एल्डर आणि त्याचा टोंगन जोडीदार आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी छपरावर पत्रे ठोकायला चढायचे. तिथे त्यांना एक म्हातारा भेटला. मासेमारी करणारा, दुसऱ्या चर्चचा, तिथल्या गायकवृंदात गाणारा. त्याने यांना सांगितलं, तुम्ही आठवड्यातून दोनदा या, मी तुमचं ऐकतो; पण आधी तुम्ही माझ्यासमोर बायबल मोठ्याने वाचायचं, टोंगनमध्ये.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी हा वाचायचा आणि म्हातारा चुका काढायचा. टोंगनमध्ये घसा क्षणभर बंद करून काढायचा एक आवाज आहे. तो राहिला की शब्दच वेगळा होतो. म्हातारा पुन्हा वाचायला लावायचा. माणसांशी बोलायची भाषा वेगळी, सरदारांसाठी वेगळी, राजासाठी वेगळी. हेही त्यानेच शिकवलं. प्रार्थनेत देवाशी कुठल्या शब्दांत बोलायचं ते म्हाताऱ्याने त्याच्याकडून घोटून घेतलं. या भेटींचा रविवारचा आकडा ठरलेला: धडे दोन, चर्चला हजेरी शून्य. पाच महिने तोच आकडा. वरच्या एल्डरने सुचवलंही, की तुमचा वेळ दुसरीकडे द्या. हे दोघं जात राहिले.

मग एका सोमवारचा मेल अगदी लहान आहे. म्हातारा गेला. तिकडे मयताच्या घरी रात्रभर जागतात आणि गातात. हे दोघं गेले, चटया बांधून मागे बसले. साडेनऊला नियमाप्रमाणे उठावं लागलं. त्यांची खोली जवळच होती. दिवे बंद केले, खिडकी उघडी ठेवली, आणि पहाटेपर्यंत गाणं ऐकू येत होतं. जोडीदार रडत होता. मी जागा होतो. एवढंच. त्या मेलमध्ये आकडे नाहीत आणि शेवटचं ते वाक्यही नाही.

पुढच्या सोमवारी मात्र त्याने जास्त लिहिलंय. एका वरिष्ठाने त्याला धीर दिला होता. त्यांच्या चर्चमध्ये मेलेल्या माणसाच्या वतीने जिवंत माणसाने मंदिरात बाप्तिस्मा घ्यायची रीत आहे. परलोकात तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्याने ठरवायचं, असं ते मानतात. तेव्हा काळजी करू नकोस, त्याच्यासाठी दार बंद झालेलं नाही. एल्डरने आईला लिहिलं: हे ऐकून मला बरं वाटलं. आणि पुढच्या ओळीत: पण त्यांना कधी आपल्या दारातून आत यायचं होतं असं मला वाटत नाही.

आईने छापताना ही ओळ गाळली नव्हती. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटला.

बाड वाचून संपायला मला महिना लागला. त्या महिन्यात आजोबांची आठवण बरेचदा आली. आजोबा महिन्याची वारी करायचे, दर शुद्ध एकादशीला सांगोल्याहून पंढरपूर, साधारण तीस किलोमीटर, चालत. गुडघे गेले तेव्हा एसटीने. मी त्यांच्याबरोबर चार-पाच वेळा गेलो असेन. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आपल्याला सगळं समजतं असं वाटायच्या वयात, मी त्यांना विचारलं होतं, विठ्ठल आहे हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना पंढरपूर नकाशावर आहे का विचारलं. मग काठी घेतली आणि म्हणाले, "जाऊन येतो." ते गेल्यावर माळ माझ्या वडिलांनी घातली. मी घातली नाही, पुढेही घालेन असं वाटत नाही. पण कुणी म्हणालं की तो म्हातारा चाळीस वर्षं उगाच चालला, तर मला ते पटणार नाही.

एल्डरला मी उत्तर दिलं ते ऑफिसच्या पार्किंगमध्ये. बर्फ पडायला लागलं होतं, गाडीत हीटर चालू होता. मी म्हणालो, खोटं नाही बोलत तो. आणि ६१ आणि सातचा आकडा सांगितला.

"म्हणजे ६१ वेळा खोटं?"

"पाठ केलेलं. टोंगनसुद्धा तू आधी पाठच केली होतीस ना? पाठ करणं म्हणजे खोटं नव्हे. मग ते कमी होत गेलं, आणि तू काय केलंस, काय बघितलंस ते वाढत गेलं. म्हातारा, पत्रे, ती खिडकी. ते सगळं खरं आहे."

तो वायपरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण भाषा राहिली. आणि ते नाही राहिलं. असं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाषेला समोर बोलणारं माणूस लागतं, असं काहीतरी मी म्हणणार होतो, पण त्याचा देवही त्याच्याशी तेव्हा बोलत होता असं तो मानायचा. मग आता गप्प कोण झालं, हे मी कोण ठरवणार. आम्ही तसेच बसलो. थोड्या वेळाने तो म्हणाला की परत आल्यावर पहिल्या रात्री त्याला झोप आली नव्हती. खोलीत दुसरं कुणी घोरत नव्हतं. दोन वर्षांनी पहिल्यांदा तो एका खोलीत एकटा होता, आणि तेव्हा त्याला वाटलं होतं की हे काही दिवसांत सवयीचं होईल.

भावाला त्याने एक पान लिहून दिलं. मला दाखवलं. जा किंवा जाऊ नकोस असं त्यात नव्हतं. बूट एक नंबर मोठे घे, पाय सुजतात. जखम ओली ठेवू नकोस. जोडीदाराचा राग आला तर त्याच्यासाठी काहीतरी शिजव. तुला कुणी बसा म्हणालं तर त्यांचं आधी ऐक. आकडे आपोआप गोळा होतात, तू त्यांच्या मागे लागू नकोस. आणि सगळ्यात खाली: मी आता तुझ्यासारखं मानत नाही हे तुला ठाऊक आहे. तू तिथे असताना मी हे बदलून सांगणार नाही, आणि तूही मला बदलायचं काम तिथून करू नकोस. मेल मात्र मला पाठव.

आईने ते पान वाचलं. ती काय म्हणाली विचारलं तर एल्डर म्हणाला, "बुटांचं बरोबर आहे म्हणाली." मग थांबून, "आणि रविवारी जेवायला ये म्हणाली. चर्चनंतर. चर्चला ये असं नाही म्हणाली."

भावाला देश मिळाला ब्राझील. निघायच्या आधी त्याने मेल पाठवायच्या लोकांची यादी केली. त्यात एल्डरने माझाही पत्ता घातला, कारण आता तू या प्रकरणातला जाणकार आहेस म्हणे. पहिला मेल आला तो सोमवारीच. तीन परिच्छेद, खूप उद्गारचिन्हं, नवा जोडीदार फार भारी आहे, भाषा फार अवघड आहे, आणि 'मला माहीत आहे' चार वेळा.

एल्डरने सगळ्यांना दिसेल असं एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं: जेवायला काय होतं ते लिही.